ओंडक्यांचे घर : श्रेय कोणाचे?

अमेरिकेच्या आरंभकाळाचे नाव काढले की एक ठरावीक चित्र डोळ्यांपुढे येते : घनदाट अरण्य, कुऱ्हाड घेतलेला एकटा इंग्रज वसाहतकार आणि त्याने स्वतःच्या हिमतीवर उभारलेले ओंडक्यांचे घर. तिकडे त्याला ‘लॉग केबिन’ म्हणतात. हे चित्र दोन बाबतींत इतिहासाला धरून नाही. हे घर मुळात इंग्रजांचे नव्हते आणि ते एकट्याने उभेही राहत नसे.

१६०७ मध्ये जेम्सटाउनला आणि १६२० मध्ये प्लिमथला उतरलेल्या इंग्रजांना ही बांधणी परिचित नव्हती. त्यांच्या मायदेशी उभे खांब, आडव्या तुळया आणि मधल्या जागेत काटक्यांचे विणकाम करून त्यावर मातीचा लेप देण्याची पद्धत होती. कोकणातला कूड पाहिलेल्या वाचकाला ती लगेच समजेल. नव्या भूमीतही ते तशीच सांगाड्याची घरे बांधत राहिले. हॅरल्ड शर्टलेफ यांच्या १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द लॉग केबिन मिथ’ या ग्रंथाने हे साधार दाखवून दिले.

मग ही विद्या आली कुठून? १६३८ मध्ये डेलावेअर नदीच्या खोऱ्यात ‘न्यू स्वीडन’ ही छोटी वसाहत स्थापन झाली. फिनलंड तेव्हा स्वीडनच्या राज्यात होता, त्यामुळे पुढे या वसाहतीत बरेच फिन लोकही आले. जंगल तोडून, जाळून त्या राखेत राय हे धान्य पेरणारे हे लोक. आपल्याकडच्या कुमरी शेतीशी नाते सांगणारी त्यांची रीत. आडवे ओंडके रचून घर बांधणे त्यांच्या पिढ्यानुपिढ्यांच्या अंगवळणी पडलेले होते. वसाहत १६५५ मध्ये डचांनी घेतली, पण बांधणी मागे उरली. टेरी जॉर्डन आणि मॅटी कॉप्स या अभ्यासकांनी १९८९ मध्ये फिन लोकांच्या या वाट्यावर भर दिला. जर्मन भाषकांकडेही ओंडक्यांची स्वतःची परंपरा होती, म्हणून कोणाचे श्रेय किती यावर वाद आहे. पुढे स्कॉट्स-आयरिश कुटुंबांनी ही पद्धत उचलली आणि ॲपलाचियन डोंगरांपलीकडे नेली.

या घराला सांगाडाच नसतो. भिंत हाच आधार, आणि भिंतीचे सारे बळ कोपऱ्यातल्या खाचेत. कोपऱ्यांना मोठे दगड ठेवून त्यांवर पहिले जाड ओंडके बसवत. वरच्या ओंडक्याची खाच शक्यतो त्याच्या खालच्या अंगाला घेत. ती वर तोंड करून राहिली तर पाणी साचून लाकूड कुजते. तासलेल्या ओंडक्यांना कबुतराच्या शेपटीच्या आकाराची, बाहेर उतार असलेली खाच देत. तिच्यामुळे सांधा सुटत नसे आणि पाणीही निथळून जाई. लोखंडी खिळा मिळणे दुर्मीळ, म्हणून छपराच्या फळ्यांवर आडव्या बल्ल्यांचे वजन ठेवत. दार-खिडक्या बहुधा भिंती चढल्यावर कापून काढत. फटींत लाकडाच्या ढलप्या, दगड आणि वरून चिखल भरत. ओले लाकूड वाळून आकसे, लिंपण गळे. ते पुन्हा पुन्हा करावे लागे. धुराडेही कित्येकदा काटक्या आणि मातीचेच. ते पेटले तर ढकलून घरापासून दूर पाडता यावे, म्हणून काही ठिकाणी ते बाहेर कलते बांधून टेकू देत.

झाड एकट्याने पाडता येई, पण सोळा-अठरा फुटांचा ओला ओंडका डोक्याच्या वर चढवायला गावच लागे. शेजारी जमत. चार कोपऱ्यांवर चार कसबी माणसे कुऱ्हाडी घेऊन बसत आणि बाकीचे उतरत्या बल्ल्यांवरून ओंडके वर सरकवत. तयारी झालेली असली तर भिंती एका दिवसात उभ्या राहत.

हे सामुदायिक घर ‘स्वकर्तृत्वाचे’ प्रतीक ठरले ते राजकारणात. १८४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत विल्यम हेन्री हॅरिसन यांना एका विरोधी वृत्तपत्राने ओंडक्यांच्या घरात पडून राहणारा म्हातारा म्हणून हिणवले. त्यांच्या पक्षाने तीच टिंगल निशाणासारखी मिरवली आणि निवडणूक जिंकली. वस्तुतः हॅरिसन जन्मले होते व्हर्जिनियातल्या विटांच्या वाड्यात. त्यांची कीर्ती १८११ च्या टिपेकनू येथील लढाईवर उभी होती, आणि ती मूळ रहिवाशांविरुद्धची होती. चेरोकी लोकांनीही ओंडक्यांची घरे आपलीशी केली होती. १८३८ मध्ये सैन्याने त्यांना त्याच घरांतून बाहेर काढून पश्चिमेकडे हाकलले. त्याला दोन वर्षे होतात न होतात तोच हे घर मतांसाठी मिरवणुकीत फिरू लागले.

केंटकीत हॉजेनव्हिल येथे १९११ साली पूर्ण झालेल्या दगडी स्मारकात लिंकनचे जन्मघर म्हणून एक खोपटे जपले आहे. झाडाच्या वलयांच्या तपासणीने त्याचे लाकूड लिंकनच्या १८०९ मधील जन्मानंतर कित्येक वर्षांनी तोडलेले असल्याचे दाखवले. आता तिथली सरकारी यंत्रणाच त्याला ‘प्रतीकात्मक’ म्हणते. संगमरवरी छत्र त्या खोपट्याला लाभले आहे. फिन लाकूडतोडे, ओंडके चढवणारे शेजारी आणि हाकलले गेलेले चेरोकी यांना त्या चित्रात जागा मिळाली, तरच ते घर खऱ्या अर्थाने अमेरिकेचे ठरेल.