भिजलेला फोन

घरांतील एखादी वस्तु भिजली म्हणजे ती वाळत घालावी, हा आपला पिढीजात नियम आहे. छत्री असो, चादर असो किंवा जुनी पोथी असो, ती वाळली कीं संकट टळलें असें आपण समजतों. स्मार्टफोनला मात्र हा नियम पुरता लागू पडत नाहीं. पाण्यांत पडलेला फोन वरून कोरडा दिसूं लागल्यावरहि आंतून बिघडत राहूं शकतो. आणि पुष्कळ वेळां पाण्यापेक्षां आपल्या उतावळेपणामुळेंच तो कायमचा निकामी होतो. असें कां घडतें, आणि अशा प्रसंगीं काय करावें, या दोन प्रश्नांचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम कारणाकडे वळूं. अगदीं शुद्ध पाण्यांतून वीज फारच थोडी वाहते. पण नळाचें, विहिरीचें किंवा रस्त्यावरील डबक्याचें पाणी तितकें शुद्ध कधींच नसतें. त्यांत क्षार विरघळलेले असतात आणि ते विजेला वाट करून देतात. मोरचुदाच्या द्रावणांत तांब्याच्या दोन पट्ट्या बुडवून त्यांना बॅटरी जोडण्याचा प्रयोग मीं वर्गांत अनेकदां करून दाखविला आहे. आपणांपैकीं पुष्कळांनीं तो शाळेंत पाहिला असेल. धन टोंकास जोडलेली पट्टी झिजत जाते आणि ऋण टोंकाच्या पट्टीवर तांब्याचा थर चढतो. भांड्यांना व दागिन्यांना विजेनें मुलामा देणारे कारागीर याच तत्त्वावर काम करतात.

फोन भिजला म्हणजे जवळजवळ हाच प्रयोग त्याच्या पोटांत सुरू होतो. आंतील पटावर तांब्याच्या अतिशय बारीक रेषा एकमेकींना खेटून असतात. बॅटरीचा विद्युत्‌दाब सुमारें ३.७ व्होल्ट असतो. पाण्याचें विघटन होण्यास तत्त्वतः १.२३ व्होल्टच पुरे होतात. मग एका रेषेचें तांबें विरघळूं लागतें आणि शेजारच्या रेषेवर बसून झाडाच्या फांद्यांसारखें पहिल्या रेषेकडे वाढत येतें. दोन्ही रेषा जुळल्या कीं नको तेथून वीज वाहते व नाजूक भाग जळतात. या बिघाडास पाणी आणि वीज हीं दोन्हीं एकत्र यावीं लागतात. आंत शिरलेलें पाणी क्षणांत काढणें आपल्या हातीं नाहीं. वीज बंद करणें मात्र आहे. सर्व उपचाराचें मर्म एवढेंच.

म्हणून फोन बाहेर काढतांच तो पूर्णपणें बंद करावा. नुसता पडदा काळा करणें पुरेसें नाहीं. चार्जिंग चालू असतां तो भिजला असेल, तर आधीं भिंतीवरील बटण बंद करावें, मगच वायरीला हात लावावा. ‘चालतो कीं नाहीं’ हें पाहण्यासाठीं तो पुन्हां पुन्हां चालू करणें हा सर्वांत मोठा घात होय. बंद केल्यावर वरचें आवरण काढून तो सुती कापडानें पुसावा. बाहेरून कोरडा झाल्यावर सिमकार्डाचा खण काढावा. चार्जिंगचें तोंड खालीं करून फोन तळहातावर हलकेंच आपटावा. तो जोरानें झटकूं नये. त्यानें पाणी नव्या जागीं पसरतें. छिद्रांत कापूस किंवा काडी खुपसूं नये.

फोन तांदुळांत पुरून ठेवण्याचा उपाय घरोघरीं ऐकूं येतो. पण साठविलेल्या तांदुळांतच शेंकडा १२ ते १४ भाग पाणी असतें, व त्याचा भोंवतालच्या हवेशीं समतोल झालेला असतो. तो फोनमधील पाणी ओढून घेईल ही आशा व्यर्थ आहे. उलट त्याची भुकटी मात्र छिद्रांत शिरते. जानेवारी २०२४ मध्यें ॲपल कंपनीनेंहि आपल्या ग्राहकांस तांदूळ वापरूं नका, असें स्पष्ट सांगितलें. केस वाळविण्याचें यंत्र, कडक ऊन, तापलेली शेगडी हे उपायहि वर्ज्य होत. उष्णतेनें आंतील गोंद सुटतो आणि लिथियमच्या बॅटरीस धोका पोंचतो. बॅटरी फुगलेली दिसल्यास ती दाबूं नये, चार्ज करूं नये. फोन जाणत्या कारागिराच्या स्वाधीन करावा.

पंख्याचा साधा वारा हा सर्वांत निर्धोक उपाय. त्यालाहि वेळ लागतो. ओल्या कांचेच्या दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या तर मधलें पाणी किती चिवटपणें टिकतें, हें आपण जाणतों. फोनच्या फटींत तसेंच केशाकर्षणानें पाणी अडकून राहतें. म्हणून निदान एक दिवस धीर धरावा. मुंबईसारख्या ठिकाणीं जुलै महिन्यांत हवेंतील आर्द्रता बहुधा शेंकडा ८० च्या वर असते. तेथें दोन दिवस थांबणें इष्ट. सिलिका जेलच्या पुड्यांसह फोन घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवल्यास साहाय्य होतें.

खारें पाणी निराळें. समुद्राच्या एका लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी उडून गेलें तरी ते आंतच राहतात आणि दमट हवा लागतांच पुन्हां ओले होतात. साखरेचा चहा किंवा सरबत सांडल्यास पाणी वाळतें, पण चिकट थर मागें उरतो. अशा वेळीं नुसतें वाळविणें व्यर्थ असून, फोन न चालवितां लौकर कारागिराकडे न्यावा. तो फोन उघडतो व आंतील पट आयसोप्रोपिल अल्कोहोलनें धुतो.

‘आयपी ६८’ अशी जलरोधाची खूण असलेल्या फोनच्या मालकांनींहि निर्धास्त राहूं नये. या खुणेंतील दुसरा अंक ७ असेल, तर फोन १ मीटर खोल पाण्यांत ३० मिनिटें टिकला असा त्याचा अर्थ; ८ असेल, तर याहून कठीण कसोटी, उत्पादकानें ठरविलेली. पण ही कसोटी नव्या फोनची, आणि तीहि गोड्या पाण्यांतली. फोन पडला, उघडला गेला किंवा जुना झाला कीं त्याच्या फटींतील रोध सैल होतो. पाणी शिरल्याचें नुकसान साधारणतः हमींत बसत नाहीं. आंत पाणी लागतांच लाल होणारी खूण असते, तीच तें सांगून टाकते.

एवढें करूनहि फोन वांचला नाहीं, तर? यंत्र नवें मिळतें. त्यांतील कुटुंबाचीं छायाचित्रें मिळत नाहींत. हल्लींच्या फोनची स्मृति गुप्त लिपींत असते आणि तिची किल्ली त्याच फोनच्या पटांत असते. त्यामुळें स्मृतीचा तुकडा शाबूत असला तरी पट सजीव झाल्यावांचून तो वाचतां येत नाहीं. सिमकार्ड मात्र पाण्यानें सहसा बिघडत नाहीं. तें कोरडें करून दुसऱ्या फोनमध्यें घातल्यास बँकेचे संदेश येऊं लागतात. २०१६ सालीं यूपीआय सुरू झाल्यापासून घरखर्चाचे पुष्कळसे व्यवहार फोनवरूनच होतात, हें ध्यानांत घेतां ही सोय लहान नव्हे.

तेव्हां छायाचित्रांची व कागदपत्रांची एक प्रत दर महिन्यास दुसरीकडे उतरवून ठेवावी, आणि जरुरीचे दहा-बारा क्रमांक वहींत लिहावे. हें काम आजच करण्यासारखें आहे. तें झालेलें असलें म्हणजे फोन पाण्यांत पडलाच, तर त्याला दोन दिवस स्वस्थ पडूं देणें आपणांस जड जाणार नाहीं.