उघडण्याआधी विचारा : दुरुस्तीच्या कामातील आमचे नियम

दुरुस्तीचा धंदा थोड्या भांडवलात सुरू होतो, पण टिकतो तो विश्वासावर. दुकानात आलेली वस्तू ही दुसऱ्याची अमानत असते. शिलाई मशीन व पंखे दुरुस्त करताना आम्ही स्वतःला काही नियम घालून घेतले आहेत. नव्याने या कामात पडणाऱ्या कारागीर बंधूंना ते उपयोगी पडावेत.

पहिला नियम असा की, स्क्रू ड्रायव्हर उचलण्याआधी गिऱ्हाइकाला बोलते करावे. हा नियम आम्ही नुकसान सोसून शिकलो. ईदच्या तोंडावर शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचे मशीन आले. ते टाके सोडत होते. आम्ही घाईने खालचा भाग उघडला आणि शटल व सुईचा मेळ हलवून बसलो. तो पुन्हा जुळवण्यात तीन दिवस गेले. शेवटी कळले की, बाईंनी आदल्या रात्री सुई बदलली होती आणि तिची सपाट बाजू उलटीकडे आली होती. एक प्रश्न विचारला असता तर पाच मिनिटांत काम झाले असते. मजुरी आम्ही घेतली नाही. पण ऐन हंगामातील त्यांची तीन दिवसांची रोजी कोठून भरून देणार?

तेव्हापासून टाके सुटत असतील तर आधी नवी सुई नीट बसवून पाहतो. कापडाखाली दोऱ्याचा गुंता होत असेल तर दोष बहुधा वरच असतो. दोरा टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसलेला नसतो. मग दात्यांमधील कचरा ब्रशने काढून तेल द्यावे. बरीच मशीन न उघडताच घरी जातात.

उघडावेच लागले तर सुटे भाग काढलेल्या क्रमाने फडक्यावर डावीकडून उजवीकडे मांडावेत व जोडताना उजवीकडून सुरुवात करावी. जुळणीचा स्क्रू सैल करण्याआधी खडूने खूण करावी. छताच्या पंख्याच्या पात्यांवर आकडे घालावेत, अदलाबदल झाल्यास पंखा डुलू शकतो. त्याच्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही भार राहू शकतो, तो उतरवल्याखेरीज तारांना हात लावू नये. टेबल पंख्याच्या पात्यासमोरची चकती बहुधा उलट्या आट्यांची असते. नेहमीच्या दिशेने जोर लावला तर ती सुटण्याऐवजी आवळते, हे माहीत नसल्याने कितीतरी चकत्या तुटतात.

जोडून झाल्यावर एक स्क्रू जरी उरला तरी वस्तू पुन्हा उघडावी. हे जिवावर येते, आम्हालाही येते.

खर्च आधी सांगावा; वाढणार असेल तर काम थांबवून निरोप धाडावा. आपल्याला न जमणारे काम तसेच परत करावे. बदललेला जुना भाग आम्ही कागदात बांधून गिऱ्हाइकाला देतो. बहुतेक जण तो उघडून पाहतात आणि आमच्याच टेबलावर ठेवून जातात.