पहिली सर्किट शर्यत कशी निवडावी?



उन्हाळा जवळ आला की वर्ग सुटल्यावर चहाच्या टेबलापाशी सायकलींचा विषय निघतोच. आपल्या वर्गातली काही मुले आता क्लबबरोबर नियमित सायकल चालवतात आणि एकदोन बाबा आणि एक आईही त्यांच्या मागे लागल्या आहेत. सगळ्यांचा प्रश्न एकच: "शर्यतीत उतरायचे आहे, पण पहिली कुठली निवडायची?" आमच्या घरी आम्ही या प्रश्नाचा बराच अभ्यास केला. तो सर्वांच्या उपयोगी पडावा म्हणून हा लेख.

सर्किट शर्यत म्हणजे काय?

सायकल शर्यत म्हटले की आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोर मुंबई-पुणे शर्यत येते. एका गावाहून निघायचे, बोरघाट चढायचा आणि दुसऱ्या गावी पोचायचे. घाटात जो पहिला, तो 'घाटाचा राजा'. सर्किट शर्यत अशी नसते. तिथे एक-दोन किलोमीटरचा बंदिस्त रस्ता असतो आणि त्याच रस्त्यावर सगळ्यांनी फेऱ्या मारायच्या असतात. बहुधा वेळ ठरलेली असते, उदाहरणार्थ "४५ मिनिटे आणि ५ फेऱ्या". म्हणजे ४५ मिनिटे झाली की पंच उरलेल्या फेऱ्यांचा आकडा दाखवू लागतात आणि शेवटच्या फेरीला घंटा वाजते.

इंग्लंडमध्ये बंदिस्त रस्त्यांवरच्या शर्यतींना जुना इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथल्या नॅशनल सायक्लिस्ट्स युनियनने सार्वजनिक रस्त्यावर घोळक्याने शर्यत लावायला बंदी घातली. त्यामुळे १९३० च्या दशकात अशा शर्यती ब्रुकलँड्स आणि डॉनिंग्टन पार्क या मोटारींच्या सर्किटांवर होत. ७ जून १९४२ रोजी पर्सी स्टॅलर्ड यांनी ही बंदी मोडून लँगोलेन ते वुल्व्हरहॅम्प्टन अशी शर्यत भरवली. युनियनने त्यांना निलंबित केले आणि त्यांच्या बाजूच्या मंडळींनी वेगळी संघटना काढली. दोन्ही संघटना १९५९ मध्ये एकत्र आल्या. आजही १६ वर्षांखालील मुलांच्या घोळक्याच्या शर्यती रहदारीच्या रस्त्यावर होत नाहीत, बंदिस्त सर्किटावरच होतात. पालकांना ही दिलासा देणारी गोष्ट आहे.

आधी वळणे मोजा

नवीन माणूस शर्यत निवडताना अंतर पाहतो. "वीस किलोमीटर आहे, जमेल!" असे म्हणतो. आमचे म्हणणे असे की अंतर नंतर पाहा, आधी वळणे मोजा. त्यातही ब्रेक लावावा लागेल अशी वळणे. याचे कारण थोडे गणित करून पाहू.

समजा सायकलस्वार आणि सायकल मिळून ७५ किलो वजन आहे आणि वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर. नवशिक्यांच्या शर्यतीतही हा वेग काही विशेष नाही. आता समोर एक काटकोनापेक्षाही अवघड, उलटे फिरवणारे वळण आले. ब्रेक दाबून वेग निम्मा केला, सेकंदाला ५ मीटर. वेग अर्धा गेला, पण गतीची ऊर्जा किती गेली? शाळेतले सूत्र आठवा: वस्तुमानाचा निम्मा गुणिले वेगाचा वर्ग. ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणून अर्धी नव्हे तर तब्बल पाऊण भाग ऊर्जा गेली! ती भरते सुमारे २,८०० ज्यूल. वळणानंतर सात सेकंदांत पुन्हा आधीचा वेग गाठायचा, तर पायांनी ४०० वॅट जादा द्यावे लागतात. १०० वॅटचे चार दिवे पेटवावेत तसे, आणि तेही वाऱ्याशी चाललेल्या नेहमीच्या झुंजीशिवाय.

तेच वळण रुंद असेल आणि वेग सेकंदाला १० वरून ९ मीटरपर्यंतच उतरत असेल, तर जाणारी ऊर्जा सुमारे ७०० ज्यूल, म्हणजे आधीच्या एक चतुर्थांश.

आमच्यासारख्या प्रोग्राम लिहिणाऱ्यांना हे लगेच पटते. प्रोग्राममध्ये एखादी ओळ जराशी महाग असली तर चालते, पण ती फेऱ्यांच्या आत असली की तिची किंमत फेऱ्यांच्या संख्येने गुणली जाते. सर्किट शर्यतीतले वळण ही तशी ओळ आहे. एक किलोमीटरच्या सर्किटावर तासाभरात ३६ फेऱ्या झाल्या आणि फेरीत अवघड वळण एकच असले, तरी तो ४०० वॅटचा झटका ३६ वेळा द्यावा लागतो. दमछाक होते ती या झटक्यांनी.

यात आणखी एक गोम आहे. घोळका वळणावर पेटीच्या भात्यासारखा वागतो. पुढचे थोडा ब्रेक लावतात, मागचे त्यांच्यावर आदळू नये म्हणून अधिक लावतात. वळण संपताच पुढचे निघून गेलेले असतात आणि मागच्यांना भाता ताणावा तसे धावावे लागते. नवशिका साहजिकच भीतीपोटी मागे राहतो आणि सर्वात जास्त शिक्षा त्यालाच होते. घरी त्याला वाटते, "माझ्या अंगात दम नाही." वास्तविक दम असतो, सर्किटाची निवड चुकलेली असते. पडण्याचे प्रसंगही बहुधा अरुंद वळणांवर आणि शेवटच्या धावेत येतात. म्हणून पहिल्या शर्यतीला रुंद रस्ता आणि सौम्य वळणे हवीत.

घोळक्यात का राहायचे?

सपाट रस्त्यावर वेगाने जाताना बहुतेक शक्ती हवा कापण्यात जाते. हवेसाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. ताशी ३० चा वेग ४० वर न्यायचा तर तिथे सुमारे २.४ पट शक्ती लागते! पण दुसऱ्याच्या चाकामागे आडोशाला राहिले की साधारण एक तृतीयांश श्रम वाचतात. घोळक्यातून सुटलेला एकटा स्वार म्हणूनच फार लवकर मागे पडतो.

यावरून पहिल्या शर्यतीचे ध्येय ठरते: शेवटपर्यंत घोळक्यात राहणे. नंबर काढायचा नाही. पालकहो, हे आपल्यालाच जास्त जड जाते. "कितवा आलास?" हा प्रश्न आपल्या जिभेवर तयारच असतो. पहिल्या दिवशी त्याऐवजी "घोळक्यात किती फेऱ्या राहिलास?" असे विचारावे. पाच फेऱ्या राहिला असेल तर पुढच्या वेळी आठ राहील. शर्यत निवडताना आम्ही स्वतःला एकच कसोटी लावतो: इथे शेवटचा नंबर आला, तरी दुसऱ्या दिवशी सायकल बाहेर निघेल का? उत्तर "नाही" असेल तर ती शर्यत पुढच्या वर्षी.

श्रेणी पाहा

ब्रिटिश सायकलिंगच्या पद्धतीत प्रौढ नवशिका चौथ्या श्रेणीत सुरुवात करतो आणि गुण मिळवत तिसऱ्या, दुसऱ्या, पहिल्या श्रेणीत चढतो. सर्वात वर एलिट. शर्यतीच्या माहितीत कोणत्या श्रेणींना प्रवेश आहे ते लिहिलेले असते. "फक्त ४" असेल तर सगळे आपल्यासारखेच. "३/४" असेल तर अनुभवी मंडळीही असणार. "२/३/४" असेल तर पहिल्या खेपेला टाळावी. मात्र एक ध्यानात ठेवा. "फक्त ४" मध्ये वेग थोडा कमी असला, तरी शिस्तही कमी असते, कारण सगळेच शिकाऊ. म्हणून त्यातही रुंद सर्किट शोधावे.

मुलांचे गट वयानुसार असतात: ई म्हणजे ८ वर्षांखालील, डी १० खालील, सी १२ खालील, बी १४ खालील आणि ए १६ खालील. गट ठरवताना वय कोणत्या तारखेला मोजतात ते नियमांत पाहून घ्यावे. अगदी नवीन मुलांसाठी क्लबांमार्फत होणाऱ्या गो-राइड शर्यती उत्तम. तिथे स्पर्धेपेक्षा शिकण्यावर भर असतो. प्रौढांना सभासदत्व आणि शर्यतीचा परवाना लागतो. एका शर्यतीपुरता दिवसाचा परवानाही काढता येतो.

लंडनच्या आसपासची चार सर्किटे

आम्ही एका वहीत चार रकाने आखले: लांबी, चढ, वळणे, वारा. त्यातून निघालेला निष्कर्ष असा:

१. हिलिंग्डन (हेज, मिनेट कंट्री पार्क): सुमारे दीड किलोमीटर, बऱ्यापैकी सपाट, वळणे वाहती. साउथॉलकडच्या मंडळींना घरचेच. आमच्या मते पहिल्या शर्यतीला सर्वात सोयीचे.

२. ली व्हॅली वेलोपार्क (स्ट्रॅटफर्ड): एक मैलाचे सर्किट, २०१२ च्या ऑलिंपिकच्या वेलोड्रोमशेजारी. याच परिसरात पूर्वी ईस्टवे नावाचे प्रसिद्ध सर्किट होते. इथे वळणे जास्त आणि जागा मोकळी, त्यामुळे वाऱ्याच्या दिवशी कस लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या शर्यतीला छान.

३. रेडब्रिज (हॉग हिल): २ किलोमीटर. ऑलिंपिकच्या बांधकामात ईस्टवे गेले, त्याच्या बदल्यात हे २००८ मध्ये उघडले. दर फेरीला एक चांगलाच चढ आहे. इथे वळणांऐवजी चढ गुणला जातो! अंगाने हलक्या आणि चिवट मुलांना आवडते, पण पहिल्याच शर्यतीला नको.

४. सायक्लोपार्क (ग्रेव्हझेंड, केंट): सुमारे अडीच किलोमीटर, २०१२ मध्ये जुन्या ए-२ रस्त्याच्या जागेवर झाले. लांब असल्याने फेऱ्या कमी, पण मोकळ्यावर असल्याने वारा झोंबतो. हवामान पाहून जावे.

गावाच्या बाजारपेठेतले रस्ते बंद करून उन्हाळ्यात संध्याकाळी शर्यती होतात. त्या पाहायला फार मजा येते. पण तिथे काटकोनी वळणे, फुटपाथच्या कडा, लोखंडी कठडे आणि गटारांची झाकणे असतात. सहकुटुंब पाहायला जरूर जा, भाग घ्यायला थांबा.

नोंदणी करण्यापूर्वी

आधी एकदा त्याच सर्किटावर प्रेक्षक म्हणून जा. वळणापाशी उभे राहून डोळे मिटा आणि कान द्या. ब्रेकचा आवाज कितीदा येतो, त्यावरून सर्किट कळते! मग सरावाच्या वेळेत दहा-वीस फेऱ्या मारून पाहा. क्लबबरोबर हातभर अंतरावरून, दुसऱ्याच्या खांद्याला खांदा लावून सायकल चालवायचा सराव हवाच. तो नसेल तर शर्यत लांबवा. पहिली शर्यत शक्यतो कोरड्या दिवसाची असावी, कारण पावसात रंगाचे पट्टे आणि लोखंडी झाकणे निसरडी होतात.

शर्यतीच्या दिवशी तासभर आधी पोचा. हेल्मेट सक्तीचे आहे. हँडलच्या दोन्ही टोकांना बुचे हवीत, नाहीतर पंच सायकल अडवतात. ब्रेक, टायरमधली हवा आणि चाकांचे लिव्हर तपासा. शर्यत चालू असताना सरळ रेषेत जा, एकदम बाजूला वळू नका, पुढच्याच्या चाकाकडे टक लावण्यापेक्षा चार माणसे पलीकडे पाहा. आणि घंटा झाल्यावर आजूबाजूला धक्काबुक्की वाटली तर खुशाल मागे राहा. तिथे दोन-चार नंबर गेले तर काही बिघडत नाही, हाड मोडले तर उन्हाळा जातो.

मुलांसाठी गृहपाठ

१. एका सर्किटाची लांबी १.२ किलोमीटर आहे. फेरीत ब्रेक लावावा लागेल अशी तीन वळणे आहेत. ३० किलोमीटरच्या शर्यतीत एकूण किती वेळा ब्रेक लावावा लागेल?

२. त्याच सर्किटाची एक फेरी २ मिनिटांत झाली. वेग ताशी किती किलोमीटर?

३. तुमच्या घराजवळच्या बागेभोवती किंवा गल्लीत एक सर्किट आखा. त्याचे चित्र काढा आणि 'माझे सर्किट' या विषयावर मराठीत पाच ओळी लिहा.

शब्दार्थ: बंदिस्त – चारी बाजूंनी बंद केलेले. आडोसा – वाऱ्यापासून बचाव होईल अशी जागा. भाता – पेटीत हवा भरणारा भाग. चिवट – सहज हार न मानणारा. गोम – लपलेली अडचण. निसरडे – पाय किंवा चाक घसरेल असे.

गृहपाठाची उत्तरे पुढच्या अंकात. तोवर टायरमध्ये हवा भरून ठेवा!