गाडी खाली, टेन्शन वर!

पिकअप 'लोअर' करायची, मागे बलून टाकायचे आणि चौकात भाव खायचा. लूक मस्तच! पण ब्रेकला हे कुणी सांगितलंय का?

शुक्रवारची संध्याकाळ. चाकणच्या तळेगाव चौकात कंपन्यांच्या बसेस नेहमीसारख्या अडकलेल्या. तुम्ही खिडकीशी, कानात हेडफोन. कडेला एक काळी पिकअप उभी, एमएच-१४, रस्त्याला जवळजवळ टेकलेली. पोरं हौद्यातली पोती उतरवतायत. माल उतरला तशी गाडीची पाठ उचलली, मग मागून 'फुस्स' झालं आणि पाठ पुन्हा जागेवर! बसमधल्या निम्म्या माना तिकडे. 'काय राव, भारी!'

फुग्याचं गणित

ही जादू नाही. कमान पाट्यांच्या जोडीला किंवा त्यांच्या जागी रबरी फुगे बसवतात. गॅरेजच्या भाषेत बलून. चासीवर असतो लेव्हलिंग व्हॉल्व्ह आणि त्याची दांडी खाली अ‍ॅक्सलला जोडलेली. माल चढला की चासी दबते, दांडी वर ढकलली जाते, व्हॉल्व्ह बलूनमध्ये हवा सोडतो. माल उतरला की उलटं. म्हणून गाडी रिकामी असो वा भरलेली, उंची तीच. २००१ मध्ये भारतात आलेल्या व्होल्वोच्या बी-७आर बसने आपल्याला ही सुखाची सवय लावली. तुमच्या कंपनीच्या बसखालीही कदाचित हेच बलून असतील.

गंमत इथे सुरू होते

गाडी खाली केली, पण दांडी जुन्याच मापाची ठेवली, तर? व्हॉल्व्हला वाटतं, माल चढलाय! तो हवा भरत राहतो आणि तुमची 'लोअर' गाडी पुन्हा वर. म्हणून दांडीची लांबी नव्याने सेट करावी लागते. गाडी सपाट जागी आणि रिकामी हवी, टायरची हवा बरोबर हवी, टाकीत पुरेसं प्रेशर हवं. मग अ‍ॅक्सल ते चासी अंतर दोन्ही बाजूंनी मोजायचं, दांडी थोडी थोडी फिरवायची आणि हवा स्थिरावली की पुन्हा मोजायचं. खाली बम्पस्टॉपपर्यंत मोकळी जागा राहायलाच हवी. नाहीतर मोशीचा पहिलाच स्पीडब्रेकर थेट मणक्यात!

आणि एक गोष्ट जिवाची. नुसत्या हवेवर उभ्या गाडीखाली कुणी शिरायचं नाही. पाइप निसटला की चासी खाली येते. आधी चासीखाली भक्कम स्टँड, मग पाना.

ब्रेकला कोण सांगणार?

बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा जोर भाराप्रमाणे कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. भार तो ओळखतो चासी आणि अ‍ॅक्सलमधल्या अंतरावरून. गाडी खाली आणली की रिकामी असतानाही त्याला ती भरलेली वाटते. मागे जास्त जोर जातो आणि पावसात मागची चाकं लॉक! उलट, बलूनने भरलेली गाडी उचलून धरली की त्याला ती रिकामी वाटते आणि गरज असताना मागचा ब्रेक कमी लागतो. म्हणजे बलून सेट केले तर हा व्हॉल्व्हही सेट करायलाच हवा. जोडीला हेडलाइटची दिशा बघायची आणि प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा कोन तपासायचा.

'बलून टाकले, आता टनभर जास्त भरू' हा तर शुद्ध गैरसमज. पाठ वाकत नाही म्हणून अ‍ॅक्सल, टायर आणि ब्रेकची ताकद वाढत नाही. ओव्हरलोड फक्त दिसेनासा होतो.

आरटीओचा मामला

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे बदल परस्पर करायचे नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून पाना उचलण्याआधी आरटीओत विचारा आणि इन्शुरन्सवाल्यालाही लेखी कळवा.

गॅरेजवाला म्हणाला, 'साहेब, एका दिवसात खाली करून देतो', तर एकच प्रश्न टाका: 'मागचा ब्रेक परत सेट करणार ना?' तो गडबडला, तर चावी खिशात टाका आणि सरळ घरी या. कंपनीने दिलेली उंचीसुद्धा तशी काही वाईट दिसत नाही!