कळ येते, पण कीड नसते

माठातल्या गार पाण्याचा घोट घेतला की दातातून कळ जाते आणि पहिला संशय किडीचा येतो. पुष्कळदा कीड नसतेच. एनॅमल या कठीण आवरणाखाली डेंटिनचा थर असतो आणि त्यात असंख्य सूक्ष्म नलिका असतात. एनॅमल झिजलं किंवा हिरडी सरकून मूळ उघडं पडलं, की गार-गरम, आंबट-गोड लागताच नलिकांतला द्रव हलतो आणि आतली नस कळवळते. स्वीडनच्या मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६०च्या दशकात केलेली ही मांडणी आजही मानली जाते.

जोर लावून घासलं की दात स्वच्छ होतात, हा समज सगळ्यांत महागात पडतो. कडक ब्रश आडवा रगडला की हिरडीलगत खाच पडते. खरखरीत दंतमंजन, राख, मीठ-लिंबू यांनी हीच झीज वाढते. मिश्री तर भाजलेली तंबाखूच. खेड्यापाड्यांतल्या कितीतरी बायकांना ती दात घासायची म्हणून लागते आणि मग सुटत नाही. तिने हिरड्या बिघडतात, तोंडाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. घरातल्या मोठ्यांना हे मायेनं, पण स्पष्ट सांगायलाच हवं. ब्रश मऊ घ्यावा, हात हलका ठेवावा.

कैरी, चिंच किंवा लिंबू सरबत घेतल्यावर लगेच दात घासणंही चूकच. आम्लाने एनॅमल तात्पुरतं मऊ पडलेलं असतं. साध्या पाण्याने चूळ भरावी आणि अर्धा तास थांबावं.

दवाखान्यात दात साफ केले की ते सैल होतात, असं अनेकजण म्हणतात. खरं तर किटण निघाल्यावर त्याखाली झाकलेलं मूळ उघडं पडतं, म्हणून काही दिवस दात शिवशिवतात. किटण तसंच राहिलं तर हिरडी आणि हाड खराब होऊन दात खरोखर हलू लागतात.

सेन्सिटिव्ह पेस्टचा उपयोग नाही म्हणणाऱ्यांनी ती बहुधा चारच दिवस वापरलेली असते. पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट नसेची संवेदना हळूहळू कमी करते. दिवसातून दोनदा वापरली तरी फरक पडायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. पेस्ट थुंकल्यावर भरपूर चुळा भरू नयेत. मात्र झिजलेलं एनॅमल कोणत्याही पेस्टने पुन्हा उगवत नाही.

गार पाणी गिळल्यावरही कळ रेंगाळत असेल, रात्री दात आपोआप ठणकत असेल, किंवा चावताना एकाच दातात सणक जात असेल, तर पेस्टवर वेळ घालवू नये. नस सुजलेली किंवा दाताला तडा गेलेला असू शकतो आणि असा दात दंतवैद्यांनीच तपासायला हवा.