आवाजाची घडी

मुलांनो, पिंपरी-चिंचवडहून चाकणच्या कारखान्यांकडे सकाळी लवकर कंपन्यांच्या बस निघतात. तुमच्यापैकी काहींचे अब्बा किंवा चाचा त्या बसने कामावर जात असतील. मोशीच्या गर्दीत बस अडकली, की अनेक कामगार कानांत हेडफोन घालून मोबाइलवर गाणी ऐकतात. नखाएवढ्या मेमरी कार्डात एवढी गाणी मावतात तरी कशी?

त्यासाठी आधी आवाज कसा साठवतात ते पाहू. आवाज म्हणजे हवेतील कंपने. यंत्र ही कंपने ठरावीक अंतराने मोजते आणि त्यांचे आकडे लिहून ठेवते. अशा प्रत्येक मोजणीला नमुना म्हणतात. हा शब्द तर तुमच्या ओळखीचाच आहे. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, तेही डाव्या आणि उजव्या बाजूचे वेगवेगळे. पाच मिनिटांचे गाणे असे लिहिले, तर सुमारे ५३ मेगाबाइट जागा लागते. एक गिगाबाइटच्या कार्डात अशी जेमतेम अठरा-वीस गाणी बसतील. म्हणून आवाजाची घडी घालावी लागते.

ही घडी दोन प्रकारची असते. रजई दाबून, दोरीने बांधून पेटीत ठेवली, तर ती कमी जागा घेते. दोरी सोडली की रजई जशीच्या तशी. ‘फ्लॅक’ नावाची पद्धत अशी आहे. तिच्यात आकडे फक्त थोडक्यात लिहिलेले असतात, एकही आकडा गळत नाही. जागा मात्र साधारण निम्मीच वाचते.

दुसरा प्रकार मनुक्यासारखा आहे. द्राक्ष वाळवले की ते लहान होते, पण गेलेला रस परत येत नाही. ‘एमपी-थ्री’ ही पद्धत अशी आहे. मग काय टाकायचे, हे ती कशी ठरवते? भोसरीच्या एखाद्या प्रेस शॉपमध्ये प्रेस धाडकन खाली आला, की शेजारच्या माणसाचे हळू बोलणे ऐकू येत नाही. तो बोलत असतो, पण मोठा आवाज लहान आवाजाला झाकून टाकतो. गाण्यातही ढोलाच्या थापेखाली कितीतरी बारीक आवाज झाकले जातात. जे कानाला कळणारच नाही, ते एमपी-थ्री गाळते किंवा ढोबळपणे लिहिते. सेकंदाला १२८ किलोबिट या मापाने तेच गाणे पाच मेगाबाइटच्या आत येते आणि एका गिगाबाइटमध्ये दोनशेहून अधिक गाणी मावतात.

ही पद्धत घडवणाऱ्यांपैकी कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग या जर्मन संशोधकाने सुझान व्हेगा या गायिकेचे वाद्यांशिवाय गायलेले एक गाणे तपासणीसाठी पुन्हा पुन्हा ऐकले. एकट्या मानवी आवाजात काही झाकायला आडोसाच नसतो. जरा चूक झाली, तरी कानाला ती लगेच खटकते.

मग आपण काय निवडावे? बसमध्ये इंजिनाचा आणि हॉर्नचा गोंगाट असतो. तिथे १२८ किंवा १९२ पुरे. घरी शांत खोलीत चांगल्या स्टीरिओवर ऐकायचे असेल, तर २५६ किंवा ३२० घ्यावे. त्यापुढचा फरक ओळखणे बहुतेकांना अवघड जाते, कोणी कितीही छातीठोकपणे सांगो! शिवाय ब्लूटूथ हेडफोनकडे जाताना आवाज बहुधा पुन्हा एकदा दाबला जातो. तेव्हा तिथे फ्लॅकचा आग्रह धरून फारसे हाती लागत नाही.

माझ्या मते फ्लॅकचे खरे काम जपण्याचे आहे. समजा, घरी दादाजानच्या आवाजातील नाअतची जुनी कॅसेट आहे. (मराठीत ‘दादा’ म्हणजे मोठा भाऊ, तुमच्या दादांना मराठीत आजोबा म्हणतात.) तीत वाद्य नाही, फक्त एक थरथरता आवाज आहे. कॅसेटसमोर मोबाइल धरून व्हॉइस नोट केली, तर खोलीतला पंखाही तीत येईल आणि वर तिचा मनुका होईल. मग ती दुसऱ्या रूपात बदलली, की आणखी काही गळेल. एमपी-थ्रीची फ्लॅक केली, तरी गेलेले परत येत नाही. मनुका पाण्यात भिजवून द्राक्ष होत नाही.

त्यापेक्षा कॅसेट प्लेअर तारेने संगणकाला जोडा. ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्रॅम वापरून आवाज भरून घ्या आणि पहिली फाइल फ्लॅकमध्येच ठेवा. तिच्यावरून फुफीजानला पाठवायला, बसमध्ये ऐकायला हव्या तेवढ्या लहान प्रती काढता येतील. मूळ फाइल मात्र दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, कारण पेन ड्राइव्हही बिघडतो. आणि हे काम सुट्टीवर ढकलू नका. कॅसेटची फीत दरवर्षी थोडी थोडी खराब होत असते.