विसराळूपणा की व्याधी?

सकाळी सांगितलेला निरोप दुपारी आठवत नाही, असे घरातल्या कुणाचे वारंवार होऊ लागले की आपण चटकन म्हणतो, "तुमचे लक्षच नसते!" पण मल्टिपल स्क्लेरोसिस या व्याधीच्या रुग्णाला असे म्हणणे अन्यायाचे आहे. बहुधा विशी ते चाळिशीत जडणारी ही व्याधी पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळते.

आपल्या मज्जातंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध वेष्टन असते. विजेच्या तारेवर रबर असते ना, तसेच म्हणा. मात्र या वेष्टनामुळे संदेशाला वेगही मिळतो. वेष्टन असलेल्या जाड तंतूतून तो सेकंदाला 100 मीटरपर्यंत धावतो; वेष्टन नसलेल्या बारीक तंतूतून जेमतेम 1 मीटर! या व्याधीत शरीराची संरक्षक यंत्रणाच वेष्टनावर उलटते. ते जागोजाग झिजते आणि तेथे वण राहतात.

पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील डॉ. शार्को यांनी 1868 साली या व्याधीचे वर्णन केले. रुग्णांची स्मृती दुबळी होते, हेही त्यांनी नोंदवले होते. पुढे मात्र वैद्यकाचे लक्ष बराच काळ पायांवर आणि डोळ्यांवरच राहिले. अडखळणारे पाऊल दिसते, अडखळणारी आठवण दिसत नाही.

आता एम.आर.आय.च्या चित्रांत पुष्कळ उमगते. मेंदूच्या मध्यभागी थॅलॅमस आहे. हे संदेशांचे जंक्शनच. ते अनेकदा आरंभीच्या काळातच आकसू लागते. कानशिलाच्या आत खोलवर हिप्पोकॅम्पस आहे. नव्या आठवणी येथे रुजतात. तेथलेही मायलिन झिजते आणि पेशी-पेशींमधले सांधे कमी होतात.

मग जुन्या आठवणी पुसल्या जातात काय? सहसा नाही. अडते ते नवे आत शिरताना. तीच गोष्ट अधिक वेळा, सावकाश सांगितली, तर पुष्कळ रुग्ण ती शिकतात आणि एकदा शिकल्यावर बऱ्यापैकी टिकवतातही. तेव्हा निरोप एका वेळी एकच द्यावा. तो रुग्णाने स्वतःच्या तोंडाने पुन्हा म्हणावा, वहीत टिपावा. आणि (नभोवाणीवरच्या माणसाने हे सांगू नये खरे!) त्या वेळी रेडिओ बंद ठेवावा.

सुमारे निम्म्या रुग्णांना विचार वा स्मृती यांची काही ना काही अडचण येते. ज्यांचे चालणे उत्तम आहे, तेही यात असतात. म्हणून पाय ठीक आहेत एवढ्यावर समाधान न मानता स्मृतीची चाचणीही डॉक्टरांकडून आवर्जून करून घ्यावी.